कुलपाची मुदत



ज्या भूमीशी महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी भवभूतीचे नाते जोडून दिले आणि ज्या आमगाव परिसरातील पद्मपूर हे नाव त्यामुळे संस्कृत नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासकांच्या तोंडी बसले, त्या भूमीतील एका स्मृतिव्याख्यानात वक्त्याने मोबाइलच्या दुकानातला विषय घेऊन उभे राहावे, हे काही श्रोत्यांना औचित्यभंगाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात ते वकीलसाहेब, पक्षकार कितीही घाईत असला तरी, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज त्याला अंगठा उठवू देत नसत, असे येथील वृद्ध मंडळींकडून मी ऐकले आहे; आणि आज आपल्या गोंदिया जिल्ह्यात न वाचता सही होणारे जे कागद असतील त्यांत मोबाइल खरेदीच्या कागदाचा क्रम फार वर लागेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणून मोबाइल कंपन्या आपल्या ग्राहकांच्या फोनला जे अदृश्य कुलूप लावतात, ते केव्हा लावतात, केव्हा काढतात आणि ते काढण्याचा अधिकार वस्तुतः कोणाचा, हा विषय मी आज निवडला आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. ज्याने उधारी दिली किंवा किमतीत सवलत दिली त्याने आपले पैसे वसूल होईपर्यंत वस्तूवर काही बंधन ठेवावे, यात मूलतः अन्याय आहे असे मी मानीत नाही. परंतु अशा प्रत्येक कुलपाला मुदत असली पाहिजे, ती मुदत खरेदीच्या वेळीच कागदावर आली पाहिजे, आणि ती भरताच ग्राहकाला अर्जविनंत्या कराव्या न लागता कुलूप आपोआप उघडले पाहिजे.

१

प्रथम हे कुलूप असते कसे, ते पाहू. प्रत्येक सिमकार्डावर ग्राहकाचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक नोंदलेला असतो. आपण ज्याला आपला मोबाइल नंबर म्हणतो त्याहून तो वेगळा. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५) आणि पुढचे अंक कंपनी व तिचे परिमंडळ सांगतात. कुलूपबंद फोनच्या आत मान्य कंपन्यांची एक यादी भरलेली असते. फोन सुरू होताच तो सिमवरचे अंक त्या यादीशी ताडून पाहतो, आणि जुळणी झाली नाही तर पडद्यावर एक चौकट उमटते व ती संकेतांक मागते. हा संकेतांक कंपनीच्या दप्तरी असतो. फोनच्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकावरून तो शोधला जातो. आणि अंदाजाने अंक दाबीत बसणाऱ्याला मोजक्या प्रयत्नांनंतर तो मार्गही बंद होतो. आयफोनच्या बाबतीत संकेतांकही नाही. तेथे निर्मात्याच्या सर्व्हरवर त्या फोनपुढे जी नोंद असेल ती प्रमाण, आणि ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्याने सेटिंग्जमधील 'जनरल' आणि त्यातील 'अबाउट' या सदरात जाऊन 'कॅरिअर लॉक' या ओळीपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे शब्द आहेत की नाहीत ते पाहावे.

म्हणजे फोनच्या अंगात वैगुण्य काहीच नसते. दुसऱ्या कंपनीच्या लहरी तो पकडू शकतो, तिचे सिमही त्याच्या खाचेत बरोबर बसते. केवळ कोणीतरी 'नाही' असे लिहून ठेवले आहे म्हणून तो नाही म्हणतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण यंत्राच्या मर्यादेविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नसतो, पण माणसाने लिहिलेल्या अटीबद्दल माणसाला जाब विचारता येतो.

२

आपल्या देशात मोबाइल सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. त्या काळी फोन एकाकडून आणि सिम दुसऱ्याकडून घ्यावयाचे, अशी रीत पडली. कंपनी फोनच्या किमतीत हातभार लावीत नव्हती, म्हणून तिला फोनवर हक्क सांगण्याचे कारणही नव्हते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या करारावर स्वस्तात फोन देऊन त्याला कुलूप ठोकण्याची जी प्रथा रूढ झाली, तिच्यापासून भारतीय ग्राहक बचावला तो मुख्यतः कंपन्यांच्या कृपणपणामुळे, कायद्याच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. आणि जे स्वातंत्र्य कायद्याने दिलेले नसते, ते व्यापाराची हवा पालटली की पालटते.

ती हवा २००२ च्या डिसेंबरात पालटली. धीरूभाई अंबानींच्या जयंतीचा मुहूर्त साधून रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली, आणि १ जुलै २००३ पासून 'मान्सून हंगामा' या नावाने ५०१ रुपये हातावर ठेवून फोन घरी नेण्याची योजना देशभर गाजली. उरलेली किंमत हप्त्यांनी फेडावयाची होती. हे फोन सीडीएमए पद्धतीचे होते. त्यांना वेगळे सिम नव्हते, ग्राहकाचा नंबर फोनच्या पोटातच लिहिलेला असे. टाटा इंडिकॉमचीही तऱ्हा तीच. रिलायन्सचा फोन टाटांच्या जाळ्यावर चालविण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती, व्यवहाराची होती. कंपनी बदलावयाची म्हणजे चांगला चालता फोन टाकून द्यावयाचा, असा त्याचा परिणाम होई.

या योजनेने सामान्य माणसाच्या हाती पहिल्यांदा फोन दिला, ही गोष्ट नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तोवर जो बिडीकामगार पीसीओवर रांग लावून बोलत असे, त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन आला. परंतु पुढे काय झाले? सीडीएमए सेवा कालांतराने गुंडाळली गेली; रिलायन्स कम्युनिकेशन्सची आवाजी सेवा १ डिसेंबर २०१७ रोजी थांबली; टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन होऊन ती प्रक्रिया १ जुलै २०१९ रोजी पुरी झाली. गोंदियाच्या बाजारात दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका कारागिराने मला आपल्या टेबलाखालचा खण ओढून दाखविला. त्यात त्या पिढीचे फोन एकावर एक रचलेले होते. काहींच्या बॅटऱ्या फुगून मागची झाकणे उचलली गेली होती, एकाच्या कळफलकावरील अंक बोटांनी पुसट झाले होते, आणि एकाच्या पाठीवर कोणीतरी बॉलपेनने घातलेला मालकाचा नंबर चिकटपट्टीखाली अद्याप शाबूत होता. कारागीर म्हणाला, "सर, यातला एखादा स्पीकर निघाला तर निघाला, बाकी सारा भंगार." हप्ते फेडले गेले, काही बुडालेही असतील, पण फेडणाऱ्याच्या आणि बुडविणाऱ्याच्या फोनची अखेर सारखीच झाली, कारण कुलूप घालणारा निघून जाताना किल्ली कोणाच्या स्वाधीन करावी, याचा विचार करारात कोठेच नव्हता.

दुसरा दाखला श्रीमंतांच्या बाजारातला आहे. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांच्या मार्फत भारतात आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळे आणि त्या सवलतीपोटी तो एका कंपनीला बांधलेला असे. आपल्याकडे सवलत नाही, पूर्ण किंमत रोख मोजलेली, आणि तरीही फोन ज्या कंपनीकडून घेतला तिच्याशीच बांधलेला! कुलपाचे जे एकमेव समर्थन कंपन्या देत आल्या, म्हणजे दिलेल्या सवलतीची वसुली, ते येथे समूळ अनुपस्थित होते. जेथे देणेच नाही तेथे तारण कसले, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही. कदाचित इतका महाग फोन घेणाऱ्या माणसाविषयी इतरांना सहानुभूती वाटणे कठीण होते म्हणून असेल.

तिसरा दाखला आपल्या सर्वांच्या स्मरणातला. २१ जुलै २०१७ रोजी मुकेश अंबानींनी जिओफोनची घोषणा केली: किंमत शून्य, केवळ १,५०० रुपयांची अनामत, आणि तीन वर्षांनी फोन परत केल्यास ती अनामतही परत. हा फोन जिओच्या सिमखेरीज चालत नसे. पुढच्याच वर्षी जुना साधा फोन देऊन ५०१ रुपयांत जिओफोन नेण्याची योजना निघाली, आणि तिचे नाव पुन्हा 'मान्सून हंगामा' असेच होते. पंधरा वर्षांनी तोच हंगाम, तोच आकडा आणि तीच युक्ती परत आली. दरम्यान २०१७ च्या ऑक्टोबरात एअरटेलने कार्बन कंपनीच्या साहाय्याने २,८९९ रुपयांचा फोन काढून, ठरावीक रिचार्ज केल्यास छत्तीस महिन्यांत १,५०० रुपये परत देण्याचे जाहीर केले. तेथे फोन परत करण्याची अट नव्हती. दोन्ही योजनांचा हेतू एकच, ग्राहकाने तीन वर्षे आपल्यापाशी राहावे. परंतु एकीत त्याला बांधून ठेवले होते आणि दुसरीत त्याला राहण्याबद्दल मोबदला देऊ केला होता. यावरून कुलपावाचून व्यापार बुडतो हे म्हणणे खरे नाही, एवढे तरी सिद्ध व्हावे.

३

परदेशांत हा प्रश्न कायद्याच्या दरबारात गेला, आणि तेथील निकाल बोधप्रद आहेत. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याने कोणतेही तांत्रिक कुलूप तोडणे निषिद्ध ठरविले. हेतू चित्रपट आणि गाणी यांच्या रक्षणाचा, पण फोनचे कुलूपही त्याच कलमात सापडले. २००६ मध्ये तेथील संसदेच्या ग्रंथपालाने फोनपुरती सूट दिली, पुढे ती काढून घेतली, आणि २६ जानेवारी २०१३ पासून स्वतःच्या पैशाने घेतलेला नवा फोन कंपनीच्या संमतीवाचून उघडणे हा अपराध झाला. ज्या दिवशी आपण प्रजासत्ताकाचा उत्सव करीत होतो त्या दिवशी जगातील एका जुन्या प्रजासत्ताकात हा नियम अमलात यावा, हा योगायोग मोठा विलक्षण! एक लाख चौदा हजारांहून अधिक नागरिकांनी अध्यक्षांच्या कचेरीकडे याचिका पाठविली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी बराक ओबामा यांनी फोन उघडण्याची मुभा पुन्हा देणाऱ्या कायद्यावर सही केली.

तथापि त्या कायद्याने कुलूप काढण्याची मुभा दिली, कुलूप घालण्याची बंद केली नाही. त्यामुळे तेथील कंपन्यांच्या मुदती आजही भिन्नभिन्न आहेत: एटी अँड टी मासिक बिलाच्या ग्राहकाला पैसे पूर्ण फेडल्यावर आणि साठ दिवस सेवा चालू राहिल्यावर मोकळे करते, टी-मोबाइल अशाच ग्राहकाला चाळीस दिवस थांबविते, पण आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाला ३६५ दिवस थांबावे लागते. म्हणजे जो गरीब आहे आणि पैसे आधी मोजतो, त्याच्यावरचा अविश्वास अधिक दीर्घ. कंपन्या याचे कारण चोरी आणि तोतयेगिरी असे सांगतात: खोट्या नावावर स्वस्त फोन उचलून परदेशांत विकणाऱ्या टोळ्या तेथे खरोखरच आहेत, आणि हे कारण सर्वस्वी काल्पनिक नाही. पण त्यासाठी काही आठवडे पुरतात की वर्षच लागते, हे कंपनीने एकटीने ठरवावयाचे नसते.

या परदेशी नियमांचा गोंदियाशी काय संबंध, असे विचाराल तर तो दिवाळीच्या सुट्टीत घरोघर दिसतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरी करणारी मुलगी बाबांसाठी फोन आणते. बाबा मोठ्या हौसेने जुन्या फोनमधले सिम काढून त्यात घालतात, आणि पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड' अशी अक्षरे येतात. मुलीचे तिकडचे हप्ते अजून चालू असतात, म्हणून फोन तिकडच्या कंपनीचा बांधील. आणि २०२२ नंतरचा अमेरिकेतला आयफोन असेल तर त्यात सिमची खाचच नसते, ई-सिम घ्यावे लागते. हौसेचा फोन मग कपाटात पडून राहतो, आणि मुलीला तिकडे परत गेल्यावर कंपनीच्या कचेरीशी पत्रव्यवहार करावा लागतो.

कॅनडाने या बाबतीत अधिक स्वच्छ मार्ग धरला. १ डिसेंबर २०१७ पासून तेथे नवा फोन उघडाच विकावा लागतो, आणि जुना उघडून देण्याबद्दल शुल्क आकारता येत नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२१ च्या डिसेंबरापासून कुलूपबंद फोनची विक्रीच बंद केली. जर्मनीत २००७ साली न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशामुळे कंपनीला आयफोन बंधनावाचून विकावा लागला, तेव्हा तिने बंधनासह ३९९ युरो असलेली किंमत ९९९ युरो लावली. फोनच्या किमतीत बंधनाचा वाटा केवढा मोठा असतो, हे त्या दोन आकड्यांनी जगाला उघड करून दाखविले.

४

आता या सर्वांतून तत्त्व काय निघते ते पाहू, आणि त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील धानउत्पादक शेतकरी सेवा सहकारी संस्थेतून पीककर्ज घेतो तेव्हा काय होते, ते आठवावे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, तो तीत रोवणी करतो, कापणी करतो, धान कोणालाही विकतो. केवळ जमिनीची विल्हेवाट लावण्यापुरता त्याचा हात बांधलेला असतो. कर्ज फिटले की संस्था बेबाकीचा दाखला देते, तलाठी फेरफार घेतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि बोजा उतरतो. व्यवहारात हा दाखला मिळविताना किती चपला झिजतात, आणि कर्ज फिटून वर्ष लोटले तरी बोजा उताऱ्यावर तसाच कसा राहतो, हे येथे बसलेल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे; पण व्यवहार कितीही ढिसाळ असला तरी तत्त्व नि:संदिग्ध आहे. देणे संपले की बंधन संपले.

हे तत्त्व आपल्या कायद्यात फार जुने आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या साठाव्या कलमाने गहाण ठेवणाऱ्याला रक्कम फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क दिला, आणि त्या हक्काला करारातील कोणत्याही आडवळणी अटीने पाचर मारता येणार नाही, असे न्यायालये सातत्याने सांगत आली. जंगम वस्तूच्या तारणाबाबत १८७२ च्या करार अधिनियमात तशीच तजवीज आहे. तारण विकावयाचे तर ऋणकोला वाजवी सूचना द्यावी लागते, आणि विक्री होण्यापूर्वी केव्हाही रक्कम भरून त्याला वस्तू सोडविता येते. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या दंग्यांनंतर चार वर्षांनी झालेल्या दख्खनच्या शेतकरी संरक्षण कायद्याने काय केले? कर्ज माफ केले नाही. प्रत्येक भरण्याची लेखी पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला. सुप्याच्या शेतकऱ्याचा राग कर्जाहून अधिक त्या कागदावर होता, ज्याचा शेवट त्याला कधीच दिसत नसे.

मोबाइलच्या कुलपात आणि सातबाऱ्याच्या बोज्यात एक फरक मात्र फार मोठा आहे. बोजा सरकारी दप्तरात असतो, त्याची नक्कल कोणालाही काढता येते, आणि तो उतरविणारा अधिकारी धनको नसतो. मोबाइलच्या कुलपाचे दप्तर धनकोच्याच घरी, किल्ली त्याच्याच कमरेला, आणि मुदत भरली की नाही हे सांगणारा पंचही तोच.

५

गोंदिया हा सीमेवरचा जिल्हा आहे, आणि सीमेवरच्या माणसाला बंधनाची जाणीव इतरांपेक्षा लवकर होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगडचा राजनांदगावकडचा मुलूख. सोयरीक, बाजार आणि मजुरी यांच्या वाटा बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या. दूरसंचार खात्याने देशाची परिमंडळे आखली तेव्हा गोंदिया महाराष्ट्राच्या परिमंडळात आणि बालाघाट मध्यप्रदेश-छत्तीसगडच्या परिमंडळात गेले. त्यामुळे राजेगावच्या बाजूस सोयऱ्यांकडे गेलेल्या गोंदियाच्या माणसाला दोन शब्द बोलण्यासाठी पुष्कळ वर्षे रोमिंगचा भुर्दंड सोसावा लागला.

नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून सर्व देशात सुरू झाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा, आलेला संकेतांक नव्या कंपनीला द्यावा, आणि त्याबद्दल जास्तीत जास्त १९ रुपये भरावे, असा साधा विधी होता. पण ही मुभा परिमंडळापुरतीच होती. देवरीची लेक राजनांदगावला सासरी गेली, तर माहेरचा नंबर त्या मुलखात तिला हलविता येत नसे. ही अडचण ३ जुलै २०१५ रोजी संपूर्ण देशात नंबर हलविण्याची परवानगी मिळाल्यावर दूर झाली. या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट ही की, नंबर मोकळा करण्यासाठी कंपनीची मनधरणी करावी लागत नाही. ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या की तिला तो सोडावाच लागतो. जे नंबराला लागू झाले ते फोनला लागू करण्यास अडचण असावयाचे कारण नाही.

परंतु आज आपल्या बाजारात जे कुलूप सर्वाधिक फिरते ते मोबाइल कंपनीचे नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेचे आहे. दुकानदार हसतमुखाने विचारतो, "भाऊ, नगदी का फायनान्स?" फायनान्स म्हटले की आधार, पॅन, एक फोटो, दोन-चार ठिकाणी बोट, आणि फोन हाती येतो तो आत एक ॲप बसवूनच. हप्ता चुकला की पडद्यावर पैसे भरण्याचा तगादा उमटतो, त्यामागे फोनची बाकीची सर्व दारे बंद. तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर मिळालेल्या पैशातून पहिला हप्ता भरणारा सालेकसा-देवरीकडचा मजूर, किंवा धान विकून चुकारे खात्यावर येण्याची वाट पाहणारा शेतकरी, यांची मिळकत महिन्याच्या ठरावीक तारखेस येत नाही, आणि हप्ता मात्र येतो.

या कुलपाने फोन बंद होतो तेव्हा केवळ बोलणे बंद होत नाही. २०२१ च्या ऑगस्टात आलेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर उभे राहून आपल्या पिकाची नोंद मोबाइलमधून करण्यास सांगितले. धानखरेदीच्या नोंदणीचा संदेश, बँकेचा ओटीपी, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सर्व त्याच यंत्रातून जाते. दोन हजारांच्या थकलेल्या हप्त्यापायी खरिपाची पीकपाहणी अडावी, हे म्हणजे ऋणापेक्षा तारणाची जप्ती मोठी झाली. २०२४ मध्ये रिझर्व बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थांना अशी कुलुपे वापरण्यास मनाई केली होती, आणि ऋणकोच्या पूर्वसंमतीच्या अटीवर ती पुन्हा वापरू देण्याचा विचार चालू आहे, असे रॉयटर्सच्या वार्ताहराने २०२५ च्या सप्टेंबरात लिहिले. संमती हा शब्द ऐकावयास चांगला आहे. पण दुकानाच्या काउंटरवर, मागे चार गिऱ्हाइके उभी असताना, इंग्रजी मजकुराच्या तळाशी ठेवलेल्या बोटाला संमती म्हणावे काय, याचा निर्णय ज्यांच्या हाती नियम करणे आहे त्यांनी एकदा गोंदियाच्या बाजारात येऊन करावा.

६

मग उपाय काय? ग्राहक चळवळीचा पाया आपल्या राज्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीच्या रूपाने घातला, आणि त्यानंतर बारा वर्षांनी देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २०१९ च्या नव्या कायद्याने त्यात अनुचित कराराची संकल्पना आणली: ग्राहकाच्या हक्कांत एकतर्फी आणि मोठा फरक पाडणारी अट, किंवा आगाऊ फेड नाकारणारी अट, रद्द ठरविता येते. उणीव एवढीच की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. आणि दहा हजारांच्या फोनसाठी नागपूरच्या वाऱ्या करणे कोणाला परवडेल? म्हणून अशा लहान करारांपुरता तरी हा अधिकार गोंदियाच्या जिल्हा आयोगाला मिळावा, ही माझी पहिली सूचना.

दुसरी सूचना अशी की, फोन कोणत्याही कुलपासह विकला जात असेल तर पावतीवर, मराठीत आणि किमतीच्या आकड्याएवढ्याच मोठ्या टायपात, तीन गोष्टी छापल्या जाव्यात: कुलूप कोणाचे, किती दिवसांचे, आणि कशाने उघडेल. तिसरी, मुदत भरताच कुलूप स्वयमेव उघडावे आणि तसा संदेश ग्राहकाला मिळावा. हीच त्याची फारखती. चौथी, थकबाकीपोटी फोन अडविण्यापूर्वी वाजवी मुदतीची सूचना मिळावी, आणि अडविला तरी आपत्कालीन फोन, बँकेचे संदेश आणि सरकारी नोंदणी यांचा मार्ग खुला राहावा. पाचवी, जी कंपनी व्यवसाय गुंडाळील तिने परवाना परत करण्यापूर्वी आपण घातलेले प्रत्येक कुलूप उघडून द्यावे. त्या कारागिराच्या खणातील फोनांना आता त्याचा उपयोग नाही, पुढच्यांना व्हावा.

येथे एक सावधगिरीची सूचनाही दिली पाहिजे. कुलूप उघडणे निराळे आणि फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे निराळे. अनलॉक करून देतो असे सांगून जो कोणी तो क्रमांक बदलतो तो अपराध करतो, आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जुना फोन घेताना *#०६# दाबून येणारा क्रमांक पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि 'संचार साथी'वर तो चोरीचा नाही याची खात्री करून घ्यावी. स्वस्ताच्या मोहाने दुसऱ्याच्या चोरीचे धनी होऊ नये.

कंपन्यांचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. सर्व कुलुपे एकदम बंद केली तर गरिबाला उधारीवर फोन मिळणार नाही, असे त्या म्हणतील, आणि त्यात तथ्यांश आहे. २००३ आणि २०१८ या दोन्ही हंगामांत ज्यांच्या हाती फोन आला त्यांना तो रोखीने मिळाला नसता. म्हणूनच मी कुलूप नको असे म्हणत नाही, बेमुदत कुलूप नको असे म्हणतो. उधारी देणारा आणि घेणारा या दोघांच्या मध्ये एक तारीख उभी असली पाहिजे, आणि ती दोघांनाही सारखीच वाचता आली पाहिजे.

नियम होतील तेव्हा होतील. त्याला वर्षे लागतात हे अमेरिकेच्या आणि आपल्याही इतिहासावरून दिसलेच. पण पावतीवर तारीख लिहून मागण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या धानविक्रीनंतर आपल्यापैकी जो कोणी फोन घेण्यास दुकानात जाईल त्याने बोट उमटविण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचारावे की हे कुलूप केव्हा उघडणार ते लिहून द्या. आणि जो लिहून देत नसेल त्याचा फोन काउंटरवर ठेवून शेजारच्या दुकानात जावे. एका गिऱ्हाइकाने असे केले तर दुकानदार हसेल. बाजारातील निम्म्या गिऱ्हाइकांनी केले तर तोच दुकानदार वरच्या कंपनीला पत्र लिहील, आणि कंपन्या नियामकाच्या पत्रापेक्षा दुकानदाराच्या पत्राला लवकर उत्तर देतात.